‘ॲनिमे हलतच नाही’ म्हणणाऱ्यांना

गेल्या पंधरवड्यात एकच फॉरवर्ड मला तिघांकडून आला. मोठ्या माणसांनी ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशनपट आणि मालिका, का बघू नयेत, याची पाच कारणं त्यात दिली आहेत. एक, ती लहान मुलांची कार्टून आहेत. दोन, सगळी एकसारखी, बशीएवढे डोळे आणि आरडाओरडा करत मारामारी. तीन, चित्रं धड हलतही नाहीत, पैसे वाचवायला एकच चित्र मिनिटभर दाखवतात. चार, या मालिका कधी संपतच नाहीत. पाच, जपानी येत नसेल तर नुसती सबटायटल वाचून काय हाती लागणार? शेवटी जोडलेले हात आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मला पटलं नाही, म्हणून उत्तर लिहायला बसले. उदाहरणं गेल्या दोन-तीन महिन्यांत मी बघितलेल्यांतलीच घेतली आहेत, काही पहिल्यांदा बघितलेली, काही पुन्हा. शेवट कुठलाही फोडलेला नाही.

लहान मुलांची कार्टून

16 एप्रिल 1988 या दिवशी जपानमध्ये स्टुडिओ जिब्ली या ॲनिमेशन कंपनीचे दोन सिनेमे एकत्र, जोडीने प्रदर्शित झाले. एक हायाओ मियाझाकींचा ‘माय नेबर तोतोरो’, जो खरोखरच चार वर्षांच्या पोराला मांडीवर घेऊन बघावा. दुसरा इसाओ ताकाहातांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’. 1945 मधला कोबे शहरावरचा बॉम्बहल्ला, त्यात आई गेलेली दोन भावंडं आणि त्यांची उपासमार. धाकटी सेत्सुको एका प्रसंगात काहीतरी चघळत पडलेली असते. भाऊ तिच्या तोंडातून ते काढतो, तर ती खेळायची काचेची चकती निघते. तिला ती गोळी वाटतेय. मी हा सिनेमा मागच्या महिन्यात दुसऱ्यांदा बघितला आणि तिसऱ्यांदा बघायची माझी तयारी नाही. याला लहान मुलांचं कार्टून म्हणणाऱ्याने तो एखाद्या लहान मुलाला दाखवून बघावा.

आणखी एक. जपानमध्ये मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, छापणारी मासिकंच मुळात वाचकाच्या वयाप्रमाणे वेगळी असतात. मुलग्यांची शोनेन, मुलींची शोजो, मोठ्या पुरुषांची सेइनेन, मोठ्या बायकांची जोसेइ. बऱ्याच मालिका याच मांगांवरून होतात, त्यामुळे कुठली कुणासाठी हे तिथे आधीच ठरलेलं असतं. बाहेर येताना त्या सगळ्यांवर एकच पाटी लागते, आणि फॉरवर्ड लिहिणाऱ्याने ती पाटी तेवढी वाचलेली दिसते.

बशीएवढे डोळे आणि मारामारी

डोळ्यांचं अर्धं खरं आहे. मांगा आणि ॲनिमे दोन्हींतले आद्य चित्रकार ओसामू तेझुका यांच्यावर डिस्नेच्या चित्रांचा प्रभाव होता, आणि त्यांच्यामागून आलेल्या कितीतरी जणांवर तेझुकांचा. पण 2014 सालची ‘पिंग पाँग द ॲनिमेशन’ बघा. मासाआकी युआसांच्या या अकरा भागांच्या मालिकेत माणसांचे चेहरे वेडेवाकडे, रेषा थरथरत्या, आणि खेळाडूने फटका मारला की हात रबरासारखा लांब होतो. पहिला भाग बघताना मला वाटलं, यांनी कच्ची चित्रंच दाखवली की काय. तिसऱ्या भागापर्यंत मला सरळ रेषा खोट्या वाटायला लागल्या होत्या. ‘ऑड टॅक्सी’चा नायक तर एक्केचाळीस वर्षांचा, कंटाळलेला, कमी बोलणारा टॅक्सी ड्रायव्हर आहे आणि तो वॉलरस आहे. डोळ्यांचा प्रश्नच मिटला.

मारामारीबद्दल ‘फ्रीरेन’चं सांगते, कारण वरवर बघता ती आरोपात चपखल बसते. राक्षसांचा राजा, तलवारबाज, जादूगारीण, सगळा ऐवज आहे. फक्त मालिका सुरू होते ती राक्षसाला मारून झाल्यावर. दहा वर्षांची मोहीम आटोपून चौघे परत येतात आणि रात्री उल्कावर्षाव बघतात. फ्रीरेन ही हजार वर्षांहून जास्त जगलेली एल्फ, म्हणजे परीकथांतल्या दीर्घायुषी जमातीतली. ती सहज म्हणून जाते की पन्नास वर्षांनी हा पुन्हा होईल तेव्हा याहून चांगली जागा दाखवते. आपण ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणतो त्या सुरात. ती पन्नास वर्षांनी परत येते तेव्हा त्यांचा देखणा नायक हिमेल टक्कल पडलेला, कमरेएवढ्या उंचीचा म्हातारा झालेला असतो. थोड्याच दिवसांत तो जातो. ज्याच्याबरोबर दहा वर्षं हिंडलो त्याला ओळखून घ्यायचा आपण प्रयत्नच केला नाही, हे तिला अंत्यविधीला उभं राहिल्यावर कळतं. हा सगळा पहिला भाग.

पुढे लढाया आहेत, काही फार छान आहेत. पण मला आठवतात त्या तिच्या निरुपयोगी जादू. गोड द्राक्षं आंबट करायची जादू. फुलांचं शेत उगवायची जादू. असल्या जादू ती जिवापाड जमवत हिंडते, आणि त्यातली फुलांची का जमवली हे कळायला प्रेक्षकाला धीर धरावा लागतो.

इथे एक कबुली देऊन टाकते, कारण फॉरवर्डने हा मुद्दा सोडलाय आणि खरा आरोप करायचा तर तोच करायला हवा होता. पुष्कळ मालिकांत मुलींची, त्यातही शाळकरी मुलींची चित्रं ज्या कोनातून काढलेली असतात ते बघवत नाही. कथा चांगली असूनही मी अशा दोन मालिका याच काळात अर्ध्यावर सोडल्या. कुणी त्यावर लिहिलं असतं तर मी स्वतः पुढे पाठवलं असतं.

चित्रं हलतच नाहीत

हा आरोप मला सगळ्यात आवडला, कारण त्यातली माहिती बरोबर आहे आणि निष्कर्ष चुकलाय.

सिनेमात सेकंदाला 24 फ्रेम जातात. चांगल्या, खर्चिक ॲनिमेशनमध्ये साधारणपणे दर दोन फ्रेमला नवं चित्र, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं, आणि जिथे गरज तिथे चोवीस. 1 जानेवारी 1963 ला तेझुकांची ‘तेत्सुवान ॲटम’ जपानी टीव्हीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्धा तास, आणि वाहिनीला विकलेली स्वस्तात. बारा चित्रं परवडणार नव्हती. मग दर तीन फ्रेमला एक चित्र, म्हणजे सेकंदाला आठ. बोलताना तोंड तेवढं हलवायचं. चित्र स्थिर ठेवून कॅमेरा त्यावरून सरकवायचा. काढलेली चित्रं जपून ठेवायची आणि पुढच्या भागात पुन्हा वापरायची. फॉरवर्ड म्हणतो तशी ही काटकसरच होती. तिची किंमत ॲनिमेटर लोक अजून मोजतात; दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं काढणाऱ्या नवख्यांना तिथे किती कमी पैसे मिळतात हे उघड गुपित आहे.

पण अडचणीत सापडलेल्या लोकांनी त्या अडचणीचं काय केलं? 1970 च्या ‘आशिता नो जो’ या बॉक्सिंगच्या मालिकेचे दिग्दर्शक ओसामू देझाकी. ऐन क्षणी हालचाल थांबवायची आणि चौकट रंगवलेल्या चित्रासारखी गोठवायची ही त्यांची पुढे ओळखच झाली. ठोसा लागतो, आणि सगळं थबकतं. हालचालीपेक्षा ते थबकणंच जास्त लागतं. पुढे 1995 च्या ‘इव्हँगेलियन’मध्ये, बाविसाव्या भागात, दोन मुली लिफ्टमध्ये उभ्या आहेत. एकमेकींशी पटत नाही. जवळपास मिनिटभर चित्र तेच. ऐकू येतो तो फक्त लिफ्टचा आवाज. त्या मालिकेची तेव्हा वेळेची आणि पैशांची किती ओढाताण चालली होती हे जगजाहीर आहे, त्यामुळे हे चित्र स्वस्तात पडलं असणारच. पण नकोशा माणसाबरोबर लिफ्टमध्ये अडकलेला कुणीही सांगेल की ते मिनिट अस्संच असतं.

‘शोवा गेनरोकू राकुगो शिंजू’ हे माझ्या मते याचं टोक. राकुगो म्हणजे एकट्याने बसून गोष्ट सांगण्याची जपानी कला. गुडघे मुडपून उशीवर बसायचं, हातात पंखा आणि पंचा, बास. उठायचं नाही. दोन पात्रांचं संभाषण असेल तर मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. आता ॲनिमेशनमध्ये दाखवायला याहून नालायक विषय शोधून सापडणार नाही. बसलेला माणूस बोलतोय! तरी मालिका ते प्रयोग सलग, मिनिटंच्या मिनिटं दाखवते. मी एक प्रयोग पुन्हा लावून फक्त हात बघितले. पंख्याचा पाइप होतो, तेव्हा बोटांची पकड बदलते. पात्र बाई असेल तर पंचा धरणारं मनगट वेगळं पडतं. सगळी चित्रं त्या मनगटावर खर्च केलेली आहेत, बाकी माणूस दगडासारखा स्थिर. कुठे हलवायचं हे ठरवणाऱ्याला कुठे हलवायचं नाही हेही कळावं लागतं, आणि या लोकांना ते साठ वर्षांच्या टंचाईने शिकवलंय.

उलट बाजूही आहे. 2024 चा ‘लुक बॅक’, जेमतेम 58 मिनिटांचा. चित्रं काढणाऱ्या दोन मुलींची गोष्ट. त्यात एक मुलगी टेबलाशी पाठमोरी बसून काढतेय हे दृश्य पुन्हा पुन्हा येतं. खिडकीबाहेर ऋतू बदलतात, पाठ तीच. आणि मग एकदा तिच्या चित्राचं मनापासून कौतुक होतं. समोर ती शिष्टासारखं वागते. घरी जाताना मात्र पावसात, शेतांमधल्या रस्त्यावर, कुणी बघत नाही म्हटल्यावर तिची पावलं आधी वाकडीतिकडी पडायला लागतात, मग उड्या, मग हातपाय कुठेही. रेषा पुसून गुळगुळीत केलेल्या नाहीत, पेन्सिलीचा खडबडीतपणा तसाच ठेवलाय. एवढा वेळ ती पाठ स्थिर ठेवली होती म्हणून हे पाऊल असं उधळतं. मी तो अर्धा-एक मिनिट चार वेळा बघितला. ‘हलत नाही’ म्हणणाऱ्यांना दुसरं काहीच नाही, एवढाच तुकडा दाखवायचा.

कधी संपतच नाहीत

‘वन पीस’ 1999 पासून चालू आहे आणि हजार भाग कधीच ओलांडलेत, मान्य. ‘नारुतो’च्या पहिल्या 220 भागांतले शेवटचे ऐंशीच्या वर तर मूळ कथेशी संबंध नसलेले, कारण मांगा अजून लिहून व्हायचा होता आणि वेळ भरून काढायची होती. ते मीही पळवत पळवत बघितले. पण आता बहुतेक मालिका तीन महिन्यांच्या हंगामात बसतील अशा, बारा-तेरा भागांच्या निघतात. ‘ऑड टॅक्सी’ तेरा भागांत संपते आणि शेवटच्या पाच मिनिटांत पहिल्या भागापासूनचं सगळं पुन्हा बघायला लावते. न संपणारं काही बघायचं नसेल तर बघू नये, एवढं सोपं आहे.

सबटायटल वाचून काय हाती लागणार

काही निसटतं, हे खरंच. ‘अ सायलेंट व्हॉइस’ या सिनेमात ऐकू न येणारी शोको खुणांची भाषा सोडून, स्वतःच्या आवाजात नायकाला सांगते, ‘सुकी’. म्हणजे आवडतोस. उच्चार स्पष्ट नाही, त्याला ऐकू येतं ‘त्सुकी’. म्हणजे चंद्र. तो वर बघतो आणि हो, आज छान दिसतोय म्हणतो. याचं भाषांतर कसं करणार? पण मला दोन्ही शब्द कानाने ऐकू आले, खाली अर्थ होता, आणि पोटात खड्डा पडायचा तो पडला. जपानी न येता.

शिवाय इंग्रजीत जे निसटतं ते सगळं मराठीत निसटेलच असं नाही. ‘युअर नेम’मध्ये शरीरांची अदलाबदल होते, आणि मुलाच्या अंगात शिरलेली मित्सुहा त्याच्या मित्रांसमोर स्वतःला ‘मी’ म्हणायला जाते. आधी ‘वाताशी’. मित्रांच्या भुवया वर. ‘वाताकुशी’, तर आणखी विचित्र. ‘बोकु’? तेही नाही. शेवटी ‘ओरे’ म्हटल्यावर ते माना डोलावतात. जपानीत मी म्हणतानाच कोण बोलतंय ते उघड होतं. इंग्रजीत ‘आय’ एकच, त्यामुळे तिथे कसरत करावी लागते. मराठीतही ‘मी’ एकच, पण तिने ‘मी आले’ म्हणावं, सगळ्यांनी चमकून बघावं आणि तिने घाईघाईने ‘आलो’ करावं, की झालं काम. या लेखात मी बाई की पुरुष हे मी कुठेही सांगितलेलं नाही, आणि तुम्हाला ते दुसऱ्या परिच्छेदातच कळलेलं आहे.