आकडीच्या गोळ्यांनी थायरॉईड ‘जळत’ नाही हो, तो मेसेज पुढे ढकलणं थांबवा

सध्या एक मेसेज सगळ्या फॅमिली ग्रुपवर फिरतोय, की आकडीच्या गोळ्यांनी थायरॉईडची ग्रंथी जळते, गोळी कुठलीही असो परिणाम तोच, टी-फोर (थायरॉईडचं मुख्य हार्मोन) कमी आला म्हणजे थायरॉईड झालाच, तेव्हा गोळी आजच बंद करा आणि सकाळी धण्याचं पाणी घ्या. खाली हात जोडलेले इमोजी. माझं मेडिकल आहे आणि तो मेसेज दाखवून "भाऊ, एप्टोइन बंद केली तर चालेल ना" विचारणारे काउंटरवर यायला लागलेत, म्हणून हे लिहितोय.

‘ग्रंथी जळते’ - काही जळत नाही. एप्टोइन म्हणजे फेनिटॉइन, टेग्रिटॉल म्हणजे कार्बामाझेपिन, आणि गार्डिनल म्हणजे फिनोबार्बिटोन, या आकडीच्या जुन्या गोळ्या लिव्हरमधल्या एन्झाइम्सना जोरात कामाला लावतात, मग ती एन्झाइम्स इतर औषधांसारखंच थायरॉईडचं हार्मोनही भराभर मोडून बाहेर टाकतात आणि रक्तात टी-फोर कमी दिसतो. गळ्यातल्या ग्रंथीला धक्का लागलेला नसतो.

‘टी-फोर कमी म्हणजे थायरॉईड झालाच’ - सगळा घोळ इथे आहे. ग्रंथी खरंच कमी पडायला लागली की सहसा मेंदूखालची पिट्यूटरी ग्रंथी टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन, वाढवते, आणि या गोळ्या घेणाऱ्या बहुतेकांचा टीएसएच नॉर्मल येतो, त्रासही काही नसतो, फक्त रिपोर्टवर एक आकडा खाली असतो आणि लॅबने तो बोल्ड केलेला असतो म्हणून घरभर टेन्शन. फेनिटॉइनचं तर अजून एक, हार्मोन वाहून नेणाऱ्या प्रोटीनवरची जागा ती बळकावते, त्यामुळे टेस्टच गंडते आणि फ्री टी-फोर (प्रोटीनला न चिकटलेला, मोकळा टी-फोर) खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो. म्हणून लॅबवाल्याला आणि डॉक्टरला कुठली गोळी चालू आहे ते सांगा, आणि एकटा टी-फोर बघून निदान करू नका. टीएसएच नॉर्मल असूनही खूप थकवा, थंडी वाजणं वगैरे असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवायचंच.

‘गोळी कुठलीही असो’ - हेही चूक. व्हॅल्प्रोएट या आकडीच्या दुसऱ्या गोळीचं गणित वेगळं आहे, तिथे टी-फोर ठीक राहून टीएसएचच थोडा वर जाऊ शकतो, लहान मुलांत जास्त दिसतं, बहुतेक वेळा सौम्य असतं आणि औषध थांबल्यावर बऱ्याचदा खाली येतं. लेव्हेटिरासिटाम आणि लॅमोट्रिजिन या आकडीच्याच गोळ्यांचा थायरॉईडवर फारसा परिणाम दिसत नाही. आणि व्हॅल्प्रोएटवर वजन वाढलं, केस गळले की लोक लगेच थायरॉईडला धरतात, अरे पण ते त्या गोळीचेच साइड इफेक्ट आहेत, थायरॉईड नॉर्मल असतानाही होतात!

‘आजच बंद करा’ - हे वाक्य ज्याने लिहिलं त्याच्या घरात आकडीचा पेशंट नसणार. गोळी एकदम तोडली तर आकड्या एकामागून एक न थांबता येऊ शकतात, आयसीयूची वेळ येते, जीवही जातो. औषध बदलायचंच असेल तर न्यूरोलॉजिस्ट डोस हळूहळू उतरवतात आणि बहुतेकदा दुसरं औषध आधी चढवतात. धण्याचं पाणी प्यायचं तर प्या, पण त्याने ना आकडी थांबते ना टीएसएच उतरतो.

एक खरी काळजीची गोष्ट मात्र त्या मेसेजमध्ये नाहीच. ज्यांना थायरॉईड आधीपासून आहे आणि थायरॉईडची गोळी थायरोनॉर्म चालू आहे, त्यांना टेग्रिटॉल किंवा एप्टोइन नव्याने सुरू झाली तर थायरॉईडच्या गोळीचा डोस कमी पडू शकतो कारण लिव्हर तीही लवकर संपवतं, म्हणून साधारण सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच करून घ्यायचा, डोस वाढवायचा का ते डॉक्टर ठरवतात. आणि पुढे कधी ती आकडीची गोळी डॉक्टरांनी बंद केली तर उलटं होतं, तोच वाढवलेला डोस जास्त पडतो, छाती धडधडते, हात थरथरतात, तेव्हा परत टीएसएच करायचा.