चिरंजीव, आरोपी क्रमांक एक

कौटुंबिक चित्रपट सहकुटुंब पाहू नये. जाहिरातीत नेमकं उलटं छापतात आणि माणसं म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट जातात. मारामारीचा चित्रपट घरच्यांबरोबर खुशाल पाहावा, त्यातल्या गुंडाशी आपलं काही नातं निघत नाही. भुताचाही पाहावा. पण कौटुंबिक चित्रपटात गुन्हेगार आधीच ठरलेला असतो, तो म्हणजे मुलगा. आणि आमच्या घरात त्या पदावर सध्या मी एकटाच आहे.

बहीण होती, ती लग्न होऊन वास्कोला गेली. तशी ती असून उपयोगही नव्हता. या चित्रपटांत मुलगी एकतर सोसते, नाहीतर ऐन वेळी धावून येते. सुनेला वाईट वागायची मुभा असते, पण शेवटच्या पंधरा मिनिटांत तिला पश्चात्ताप होतो आणि ‘ती तरी काय करणार, नवराच तसला’ म्हणून बायका तिला सोडून देतात. उरतो मुलगा. त्याला जामीन नाही.

पूर्वी असं नव्हतं. आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ 1953 साली आला, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक घेऊन गेला. त्यातला मुलगा हट्टी असला तरी शेवटी आईचं ऐकणारा. त्याने नुकसान केलं ते निराळ्या तऱ्हेचं. पुढच्या सगळ्या मराठी मुलांना मोजायला तो एक माप करून ठेवून गेला आणि त्या मापात मी कधीच भरलो नाही. 1991 मध्ये ‘माहेरची साडी’ आला तेव्हा लोकांचा सगळा राग सासरच्या वाट्याला गेला आणि मुलग्यांना जरा उसंत मिळाली. आईच्या बोटाला धरून मी तो फोंड्याला पाहिला. पडद्यावरचं फारसं आठवत नाही, आजूबाजूचं आठवतं. अलका कुबल रडायला लागल्या की टॉकीजमध्ये पदर डोळ्यांकडे जात आणि मग नाकं ओढण्याच्या आवाजात पुढचे संवाद ऐकू येत नसत. कुणाचं काही बिघडलं नाही, संवाद सगळ्यांना आधीच कळलेले होते. हा चित्रपट 1988 च्या ‘बाई चाली सासरिये’ या राजस्थानी चित्रपटावरून घेतलेला, हे मला फार उशिरा समजलं. म्हणजे वाळवंटातल्या बायका जिथे रडल्या, तिथेच फोंडा तालुक्यातल्या, पावसाला कंटाळलेल्या बायकाही रडल्या. आणि हा व्यवहार एकतर्फी नाही बरं का. दर्यात बुडाला असं समजलेला नवरा परत येतो आणि बायकोचं दुसरं लग्न झालेलं असतं, ही 1966 च्या कोकणी ‘निर्मोण’ची गोष्ट. लगेच 1967 मध्ये त्यावरून हिंदी ‘तकदीर’ निघाला. गोव्याने देशाला काजू आणि खनिजाच्या जोडीला रडूही पुरवलं आहे, याची नोंद कुठे होत नाही.

मग 2003 मध्ये ‘बागबान’ आला आणि आमचं वाटोळं झालं. एका मुलाने भागेना म्हणून चार वाईट मुलगे. आईबापांची वाटणी, एक इकडे, एक तिकडे. वर सख्खे चारही नालायक आणि सांभाळलेला पाचवा तेवढा सोन्यासारखा. तो चित्रपट टीव्हीवर आजही लागतो आणि लागला की आई शेजारच्या मुलाला हाक मारून शेवग्याच्या शेंगा देते.

चित्रपटांना तरी नावं कशाला ठेवा, आमच्या गावातली जत्राही त्यातलीच. देवळाच्या प्रांगणात पहाटेपर्यंत मराठी नाटक चालतं, भूमिका गावातल्याच लोकांच्या. एका वर्षी आमच्याकडच्या एका लाइनमनने आईला घराबाहेर काढणारा मुलगा असा काही रंगवला की म्हाताऱ्या बसल्या जागेवरून बोटं मोडत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बांगडे घ्यायला गेला, तर मासे विकणाऱ्या नुस्तेंकान्नीने टोपलीवर फडकं ओढलं. “आवयक घराभायर काडली मरे तुवें!” त्याची खरी आई मागेच पिशवी धरून उभी होती. तिने मध्ये पडून त्याची बाजू घ्यावी की नाही? ती म्हणाली, “बरं केलंस बाय.”

तर गेल्या महिन्यात पणजीला असाच एक नवा चित्रपट लागला. नाव सांगत नाही. सांगितलं की तुमच्या घरचे जातील. आईने वर्तमानपत्रात वाचलं, मार्दोळच्या मावशीला फोन केला, आणि माझ्या बायकोने, जिने निदान या बाबतीत माझ्या बाजूने उभं राहायला हवं होतं, परस्पर तिकिटं काढली. बरोबर भाऊमामा. मामा सब-रजिस्ट्रारच्या कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांना चित्रपटाची आवड नाही, पण पणजीला जाणारी गाडी रिकामी जाऊ नये एवढंच त्यांचं म्हणणं असतं.

जागा अशा: मावशी, आई, मी, बायको, मामा. ही मधली खुर्ची मला प्रेमाने देण्यात आली. तिचा अर्थ दिवे मालवल्यावर कळला.

चित्रपटात कोकणातलं एक मोठं घर, तिथे म्हातारे आईवडील, मुंबईत मुलगा आणि सून. पहिल्याच प्रसंगात आई चतुर्थीचे मोदक करून वाट बघते आणि मुलगा फोनवर सांगतो की रजा मिळत नाही. डावीकडून उसासा आला. मी दर चतुर्थीला घरी असतो, घरातच राहतो, गणपतीवरच्या माटोळीला फळं मीच बांधतो, तरी उसासा मलाच. तेवढ्यात पडद्यावरची सून स्वयंपाकघरात एकटी भांड्यांच्या ढिगासमोर उभी राहिली आणि उजवीकडून कोपर लागलं. पुढचे अडीच तास हेच. एकाच प्रसंगात डावीकडून उसासा, उजवीकडून कोपर. आईच्या लेखी मी बायकोचं ऐकणारा, बायकोच्या लेखी आईचं ऐकणारा. आणि ज्या पात्रामुळे हे होत होतं तो नट चांगला सहा फूट उंच, दाट केसांचा. त्याच्यात नि माझ्यात साम्य शोधायला रक्ताचंच माणूस लागतं.

पडद्यावरची आई मुलाच्या फोटोशी बोलत होती. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. सगळं थिएटर गप्प, आणि माझ्या खिशातला फोन थरथरला. आवाज बंद होता हो! पण आईच्या कोपराला कळलं. ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, “घे, घे. ऑफिसचा असेल.” पुढच्या रांगेतल्या दोन अनोळखी बायकांनी वळून मला पाहून घेतलं.

मावशीचं मात्र बघत राहावं. भरताने नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. मावशीने भरत वाचलेला नाही, पण मध्यंतराच्या आत तिने क्रमाने सात करून दाखवले. आठवा, म्हणजे शुद्ध हरपणे, तेवढा राहिला, कारण दिवे लागले आणि बायकोने समोसे आणले.

नोव्हेंबरात याच पणजीत इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, 2004 पासून. तिथेही मी बापलेकांचे चित्रपट पाहिले आहेत. बाप खिडकीत बसतो, मुलगा दारात उभा राहतो, बर्फ पडतं, दोघं बोलत नाहीत, संपतं. बाहेर येऊन लोक कॉफी पितात आणि छायाचित्रणाबद्दल बोलतात. मला ते आवडतात, विशेषतः त्यात कुणी माझ्याकडे बघत नाही हे आवडतं. एकदा आईला नेलं होतं. ती म्हणाली, “आपल्या बाबांसारखेच आहेत की हे. त्यात बघायचं काय?”

मध्यंतरानंतर मुलगा घर विकायला काढतो. इथे मामा जागे झाले. तोवर त्यांनी एक शब्द काढला नव्हता. मुलाने बिल्डरच्या कागदावर सही ठोकली तसे ते माझ्या बायकोच्या अंगावरून माझ्याकडे वाकले. “हिची सही कुठाय?”

“कुणाची?”

“सुनेची. लग्नानंतर मिळकत दोघांची. बायकोच्या संमतीशिवाय स्थावर विकता येतं होय?”

“मामा, ते महाराष्ट्रात आहेत.”

मामा ‘हुं’ म्हणाले, पण त्यांना पटलं नव्हतं. मग तो प्रसंग आला ज्यासाठी सगळे आले होते. म्हातारा बाप उठून उभा राहतो, हात थरथरतो, आणि गरजतो की या घरातली एक वीटसुद्धा तुला मिळणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून कुणीतरी शिट्टी मारली. आईने इतक्या जोरात टाळी वाजवली की ती माझ्या कानाला लागली. टाळ्या विरल्यावर शांततेत मामांचा आवाज आला, “चालायचं नाही. लेजीतिम आहे.”

ज्यांना गोव्याचा अनुभव नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोर्तुगीजांचा 1867 चा दिवाणी कायदा इकडे 1870 मध्ये लागू झाला. मुक्तीनंतरही तो राहिला, आणि 2012 चा वारसा कायदा केला तेव्हाही त्यातलं मूळ सूत्र सोडलं नाही. निम्म्या मिळकतीवर मुलांचा हक्क, तोच हा लेजीतिम, मुलगा असो की मुलगी, आणि रागावलेल्या बापाला तो सहजासहजी काढून घेता येत नाही. म्हणजे हिंदी-मराठी कौटुंबिक चित्रपटाचा जो परमोच्च क्षण, तो गोव्यात जेमतेम अर्धा वैध आहे. बापाला फार तर म्हणता येईल, “या घरातल्या निम्म्या विटा तुला मिळणार नाहीत.” टाळ्या कोण वाजवणार? आणि घर विकणं तर सोडाच. बाप गेल्यावर वारसांच्या वाटणीसाठी कोर्टात इन्व्हेंटरी काढा, बहिणी, मेहुणे, काकाची मुलं सगळ्यांना नोटिसा जाणार, त्यातला एकजण लिस्बनला, त्याची मुखत्यारी यायला वर्ष, आलेल्या कागदावर आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं. तोवर मुलगाच म्हातारा होऊन त्याची मुलं त्याचे फोन उचलेनाशी झालेली असतात. आमच्याकडे दुष्ट व्हायलाही कागदपत्रं पुरी लागतात.

चित्रपट मात्र पुढे गेला. पाऊस, विजा, बापाचा हृदयविकार, मुंबईहून गाडी दामटत येणारा मुलगा. अंगणात चिखल. तो गुडघ्यांवर बसतो, आईच्या पावलांवर डोकं ठेवतो आणि म्हणतो, “चुकलो.” इथे मावशी जी रडली, ते याआधीचं काहीच नव्हतं. आवाज नाही, रुमाल नाही, नुसतं पाणी. मला आश्चर्य वाटलं, कारण मावशीला मुलगा नाही. तिला दोन मुली, दोन्ही मायाळू, एक तर रोज डबा घेऊन येते.

उलगडा बाहेर आल्यावर झाला. पायऱ्यांवर गर्दी होती, आणि त्या गर्दीत मावशीची जाऊ दिसली. या दोघींचं बोलणं एका कुळागरातल्या पाटाच्या पाण्यावरून कधीचं बंद आहे. चूक कुणाची ते दोन्ही घरांत लख्ख माहीत आहे, दुसऱ्याची. ती आमच्या पुढे तिसऱ्या रांगेत बसली होती म्हणे. तिचेही डोळे सुजलेले, नाक लाल, हातात चुरगळलेला रुमाल. दोघी समोरासमोर आल्या. दोघींनी एकमेकींचे डोळे पाहिले. मला क्षणभर खरंच वाटलं की आता काहीतरी होणार, पाऊसही भुरभुरत होता. जावेने पदर नीट केला, मावशीने पर्सची चेन लावली, आणि दोघी दोन दिशांना गेल्या.

गाडीत बसल्यावर मावशी समाधानाने म्हणाली, “बरं झालं तिने बघितला. आता कळलं असेल तिला.” जुन्या गोव्याच्या वळणापर्यंत मी विचार करत होतो की दुसऱ्या गाडीत जाऊही अगदी हेच म्हणत असणार. या चित्रपटांवर लोकांचा जीव का, हे विचारायला समीक्षक कशाला हवेत? घराघरात एक माणूस असा असतो ज्याच्याकडून एक ‘चुकलो’ यायचं बाकी आहे. ते येत नाही. वर्षं जातात, पाट बुजतो, कोर्टातली फाइल जाड होते, तरी येत नाही. पडद्यावर तोच शब्द तिकिटाच्या पैशांत, ठरलेल्या वेळी, पार्श्वसंगीतासह मिळतो. स्वतः तो शब्द म्हणायला कुणी आलेलं नसतं, सगळे ऐकायला आलेले असतात. मावशीला जाऊ पायाशी बसलेली दिसली, जावेला मावशी. आईला मी दिसलो, हे वेगळं सांगायला नको. मामांना बहुधा तो बिल्डर दिसला, आणि बायकोला कोण दिसलं हे मी विचारलं नाही.

आता घरी शिक्षा भोगतो आहे. पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला आणि मी उंडे आणायला उठलो की आई म्हणते, “राहू दे रे, मी आणीन. सवय करायला हवी.” ऑफिसातून फोन करून जेवलीस का विचारलं, तर शेजारणीला सांगते, चित्रपट बघितल्यापासून विचारतो. हे मी आधीपासून विचारतो, पण त्याला साक्षीदार नाही. परवा मी तिचा चष्मा दुरुस्त करून आणला. काडी सैल झाली होती, बाकी काही नाही. तिने तो घातला, आरशात पाहिलं, आणि म्हणाली, “त्या बिचारीचा शेवटपर्यंत दोऱ्यानेच बांधलेला होता नाही?”

काल वास्कोहून बहिणीचा फोन आला. आईने तिला सगळी कथा, शेवटासकट, रडत सांगून झाली होती, त्यामुळे तिला चित्रपट बघायची घाई झालेली.

“दादा, रविवारची तीन तिकिटं काढ ना. सासूबाई, हे आणि मी.”

“काढतो. कोपऱ्यातली काढू?”

“कुठलीही चालतील,” ती म्हणाली. “फक्त ह्यांना मध्ये बसव.”