टेंडर भरण्यापूर्वी मोजून रडा

अमेरिकेतल्या एखाद्या शहराचं सरकारी कंत्राट घ्यायचं मनात असेल, तर फावडं, मिक्सर, क्रेन वगैरे किरकोळ सामान नंतर बघू. आधी आपण कोण आहोत ते कागदावर सिद्ध करा. झालं? आता ते विसरा.

विसरायचं का, हे कळायला जरा मागे जावं लागेल. 1983 मध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंड शहराने ठरवलं की कामाच्या रकमेतले किमान 30 टक्के अल्पसंख्याकांच्या मालकीच्या पोटकंत्राटदारांना द्यायचे. शहरात निम्मी वस्ती कृष्णवर्णीयांची आणि मागच्या पाच वर्षांत अल्पसंख्याकांना मिळालेली मुख्य बांधकाम कंत्राटं 0.67 टक्के. दशांश चिन्ह नीट बघा, छपाईची चूक नाही. भांडण पेटलं ते तुरुंगातल्या स्टेनलेस स्टीलच्या संडास-मुताऱ्यांवरून. क्रोसन नावाच्या कंत्राटदार कंपनीने ते 30 टक्क्यांच्या अटीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं आणि 1989 मध्ये जिंकलं. समाजात भेदभाव होतो हे सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या शहरात, तुमच्या धंद्यात नेमका किती झाला ते दाखवा, असा त्या निकालाचा मथितार्थ.

म्हणून पहिला सल्ला: कंत्राट घेऊच नका, तफावतीचे अहवाल लिहा. अल्पसंख्याकांच्या कंपन्या किती टक्के, त्यांना मिळालेले पैसे किती टक्के, फरक किती. शहरांना कोर्टात उभं राहायला हे लागतंच. रस्ता खचतो, अहवाल टिकतो.

तरीही कंत्राटच हवं? मग स्त्रीच्या मालकीची कंपनी म्हणून नोंद व्हावी यासाठी 51 टक्के मालकी सौभाग्यवतींच्या नावावर करा. सरपंचपती पाहिलेल्या माणसाला ही युक्ती समजवायला नको. फक्त तिथले तपासनीस खवट असतात. दर कुणी काढला, चेकवर सही कुणाची, हे बाईंनाच विचारतात. तेव्हा सिमेंटचा भाव पाठ करून घ्या. ज्या बायका खरोखरच हेल्मेट घालून पहाटेपासून साइटवर उभ्या असतात, त्यांनाही हेच प्रश्न येतात. त्यांनी रागवायचं नाही, तुमच्यासारख्यांचे आभार मानायचे.

आता फिलाडेल्फिया. अल्पसंख्याक, स्त्रिया आणि दिव्यांग यांच्या कंपन्यांना कंत्राटांत किती वाटा द्यायचा याची तिथे उद्दिष्टं होती. 2025 मध्ये ती गुंडाळून ‘लहान आणि स्थानिक’ उद्योग हा शब्द आला. रंग विचारायचा नाही, पत्ता विचारायचा. अमेरिकेत पत्त्यावरून रंग कळत नाही, असं मानणं ही सध्याची सभ्यता आहे. गंमत दिव्यांगांची. अशा सवलतींना तिथल्या कोर्टाची सगळ्यात कडक चाळणी वंशासाठी, स्त्रियांसाठी मधली, दिव्यांगांसाठी सगळ्यात सैल. म्हणजे कायद्याचा धोका त्यांना सगळ्यात कमी. पण एकाच गाठोड्यात बांधलेले होते, गाठोडंच गेलं. दिव्यांग उद्योजकाला सल्ला असा की पुढच्या वेळी गाठोडं बघून शिरा.

आपल्या मंडळींचंही थोडं नुकसान झालंय. विमानतळ, महामार्ग अशा केंद्राच्या पैशांवरच्या कामांत वंचितांच्या कंपन्यांना वाटा देताना ‘उपखंडीय आशियाई’ असाही एक गट धरत. पाटलांच्या वाड्यात वाढलेला माणूससुद्धा ग्रीन कार्ड हातात पडताच वंचित गृहीत धरला जाई. बँकेत, गुंतवणुकीत किती आहे ते बघत, पण मर्यादा 20 लाख 47 हजार डॉलर, आणि त्यात राहतं घर आणि धंदा मोजायचा नाही! ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राच्या परिवहन खात्याने हे गृहीतक काढून टाकलं. आता प्रत्येकाने आपल्या हालांची वैयक्तिक कहाणी पुराव्यानिशी लिहायची. फक्त तिच्यात वंश किंवा लिंग यांच्या आधारावर दावा करायचा नाही.

तुमची अडचण ओळखून, कृष्णवर्णीय कंत्राटदारासाठी एक नमुना तयार करून ठेवलाय. हवा तर उतरवून घ्या: ‘तीन बँकांनी मला कर्ज नाकारलं. माझ्याच शेजारच्या, तेवढीच उलाढाल असलेल्या माणसाला दिलं. आमच्या दोघांत एक फरक आहे. तो या अर्जात नमूद केलेला नाही.’