गाडीची चाहूल

मे महिन्यात गुहागरला घरी होतो. वाडीतल्या वाटेला दोन्ही बाजूंनी जांभ्याचे गडगे, मधून माणूस आणि स्कूटर जेमतेम जाईल एवढीच जागा. आई ताटात फणसाचे गरे घेऊन शेजारी निघाली होती. मागून शेजारच्या पोराची विजेवरची स्कूटर आली, ती आईला कळली पदर हलला तेव्हा. गरे मातीत.

"मेल्या, आवाज तरी दे!"

"काकी, हॉर्न मारला की तुम्हीच ओरडता."

दोघांचंही खरं होतं.

आपल्याकडे हॉर्नचा वाद नेहमी कर्कश की सुरेल इथेच अडकतो. २०२१ मध्ये नितीन गडकरींनी बासरी, तबला, पेटीच्या आवाजाचे हॉर्न आणायचा विचार बोलून दाखवला, तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर राग सुचवणं चालू आहे. पण बासरीचा सूर फार स्वच्छ, आणि असा एकच सूर कुठून येतोय ते कानाला नीट उमगत नाही. दोन कानांत आवाज पोचायला जो किंचित मागेपुढे वेळ लागतो, त्यावरून दिशा कळते; त्यासाठी खरखरीत, अनेक सुरांचा आवाज बरा. म्हणून इकडे जर्मनीत, मी राहतो तिथे, रिव्हर्स घेणारे काही ट्रक टीं-टीं करण्याऐवजी खस्स-खस्स करतात. तबला एक वेळ चालेल!

माझा भाचा हेडफोन लावून गेम खेळतो. नुसत्या पावलांवरून "डावीकडे, मागे आहे" म्हणतो आणि वळतो. गेमवाल्यांनी जे केलं ते स्कूटरवाल्यांना सुचू नये?

मी राहतो त्या श्टुटगार्टमध्ये धोका असल्याशिवाय शहरात हॉर्न वाजवायचा नाही. हे ऐकून गावाकडचे लोक भारावतात. मला त्यात विशेष वाटत नाही. आंबा घाटाच्या वळणावर हॉर्न न देणारा शहाणा नव्हे. घ्यायचंच तर दुसरं घ्यावं : जुलै २०२१ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक कारने ताशी २० किलोमीटरपर्यंत आपणहून आवाज करायचा, आणि वेगाबरोबर तो चढायचा-उतरायचा. भारतातही २०२५ मध्ये असा मसुदा निघाला, पण चारचाकींपुरता. आमच्या वाटेत कार शिरतच नाही.

परवा आईचा फोन आला. पोराने हँडलला बैलाची घुंगरमाळ बांधली आहे. "आता कळतं रे," ती म्हणाली, "पण दर वेळी वाटतं, कुणाचं गुरू परसात शिरलं."