‘भूमिका जगा, तंत्र विसरा’ : एक प्रतिवाद

नवोदित रंगकर्मींमध्ये एक सल्ला मोठ्या आवडीने पुढे पाठवला जातो. भूमिका खरोखर जगलात की अभिनय आपोआप होतो, रडायचे असेल तर स्वतःचे दुःख आठवा, आवाजाचा नि हालचालींचा सराव केल्याने नट कृत्रिम होतो, आणि हे सारे रशियन नाट्यदिग्दर्शक व अभिनयशिक्षक स्तानिस्लावस्कींनीच सांगून ठेवले आहे, असा त्याचा आशय आहे. शेवटचा दावा सर्वांत कच्चा, म्हणून आधी तोच घेतो.

स्तानिस्लावस्कींनी (१८६३–१९३८) भावस्मृतीचा, म्हणजे स्वतःच्या जुन्या अनुभवातली भावना आठवून ती भूमिकेत आणण्याचा, उपयोग केला, हे खरे आहे; परंतु उत्तरायुष्यात त्यांचा भर शारीरिक क्रियांवर, म्हणजे पात्राला या क्षणी काय हवे आहे आणि ते मिळवण्यासाठी ते नेमके काय करते, यावर होता. १९३४ मध्ये पॅरिसला त्यांच्याकडे काही आठवडे शिकून आलेल्या अमेरिकन अभिनेत्री स्टेला अ‍ॅडलर यांनी न्यूयॉर्कच्या ग्रुप थिएटर या नाट्यसंस्थेतील सहकाऱ्यांना सांगितले की, खासगी आठवणी उकरण्यापेक्षा संहितेतली परिस्थिती आणि कल्पनाशक्ती यांवर विसंबावे. त्याच संस्थेतले, भावस्मृतीवर भर देणारे दिग्दर्शक ली स्ट्रासबर्ग यांना ते पटले नाही. तेव्हा फिरणारा सल्ला फार तर या वादातल्या एका बाजूची पुसट नक्कल आहे.

स्वतःचे दुःख आठवण्यातली अडचण व्यावहारिक आहे. तीच आठवण रोजच्या तालमीत वापरली की बोथट होते, आणि ती आठवत असताना नट समोरच्या सहकलाकाराचे ऐकत नसतो. वाईट बातमीचे पत्र येण्याचा प्रसंग घ्या. नवखा नट पाकीट हातात येताच चेहरा पाडतो, कारण आतला मजकूर त्याला पाठ आहे, पात्राला मात्र तो अजून ठाऊक नाही. त्याऐवजी त्याने पाकीट फाडावे, पहिली ओळ वाचावी, दुसरीवरून पुन्हा पहिलीकडे यावे आणि कागद आधीच्याच घडीवर मुडपण्याचा प्रयत्न करावा. घडी नीट बसली नाही, तर प्रेक्षकाला पुरेसे कळते. डोळ्यांत पाणी आले तर उत्तमच. भरताच्या नाट्यशास्त्रात अश्रू हा आठ सात्त्विक भावांपैकी, म्हणजे आतल्या भावनेच्या शरीरावर उमटणाऱ्या खुणांपैकी, एक आहे, आणि सात्त्विक अभिनय आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा) व आहार्य (वेशभूषा-रंगभूषेचा) यांच्या सोबतीने येतो, त्यांच्या बदल्यात नव्हे.

‘आतून आले की पोहोचतेच’ हेही खरे नाही. खऱ्या रडण्यात घसा आवळतो, श्वास उथळ होतो आणि वाक्याचा शेवट गिळला जातो. मराठीत क्रियापद आणि नकार बहुधा शेवटीच येत असल्यामुळे, ‘मी त्याला दोष देत नाही’ यातला ‘नाही’ बुडाला की शेवटच्या रांगेला नेमके उलटे ऐकू जाते. (सभागृहात माईक असला तरी गिळलेला शब्द तो परत आणून देत नाही.)

कृत्रिमतेचा आक्षेप मात्र अर्धा मान्य करतो. स्वतःचाच आवाज ऐकत बसणारा नट मीही पाहिला आहे, पण त्याचे तंत्र अजून अंगवळणी पडलेले नसते, म्हणूनच ते दिसते. पाठांतर कच्चे असलेला नटही असाच पुढच्या ओळीच्या शोधात अडकलेला दिसतो.

शंका असेल त्याने तालमीत एका सहकाऱ्याला शेवटच्या रांगेत रंगमंचाकडे पाठ करून बसवावे आणि प्रत्येक वाक्यातला ऐकू आलेला अखेरचा शब्द उच्चारायला सांगावे. ज्या वाक्यांशी तो अडखळेल तिथे संहितेत पेन्सिलीने खूण करावी, आणि दुसऱ्या दिवशीची तालीम त्या खुणांपासूनच सुरू करावी.