कॅचरचा थ्रो चुकला म्हणून स्टील पुसायची का?

सॉफ्टबॉलच्या स्कोअरशीटवर स्टील, म्हणजे रनरने स्वतः पळून मिळवलेला पुढचा बेस, कशी नोंदवायची या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया सविस्तर होती, म्हणून उत्तरही जरा लांबतंय. तुमचे आक्षेप तीन. कॅचरच्या (बॅटरच्या मागे चेंडू धरणारीच्या) नावावर एरर (क्षेत्ररक्षणातली चूक) लागली की त्याच प्लेमध्ये स्टोलन बेस, म्हणजे स्टील, देता येत नाही, हा पहिला. रनर सेफ असताना ‘कॉट स्टीलिंग’ (सीएस, म्हणजे स्टील करताना पकडली) लिहिणं हास्यास्पद आहे, हा दुसरा. आणि वाइल्ड पिचबद्दल (पिचरचा भरकटलेला, कॅचरला न धरता येणारा चेंडू) मी बेसबॉलचा नियम सॉफ्टबॉलला चिकटवला, हा तिसरा.

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण तिथे चूक माझी आहे. ‘रनर पिचच्या आधी निघाली असेल तर स्टील द्या’ असं मी लिहिलं होतं. फास्टपिचमध्ये, म्हणजे वेगवान पिचिंगच्या सॉफ्टबॉलमध्ये, चेंडू पिचरच्या हातातून सुटेपर्यंत पाय बेसवरून हलवताच येत नाही. हलला तर चेंडू डेड (खेळ तिथेच थांबतो), पिच बाद आणि रनर आउट. तेव्हा ते वाक्य निरर्थकच होतं.

पण म्हणून ‘चेंडू कॅचरच्या मागे गेला की स्टील नाहीच’ हा तुमचा निष्कर्षही मला मान्य नाही. स्टील म्हणजे हिट, एरर, पुटआउट (कुणाला तरी आउट करणं), वाइल्ड पिच, पास्ड बॉल (कॅचरने धरायला हवा होता, पण सुटलेला चेंडू) यांपैकी कशाचीही मदत न घेता मिळवलेला बेस. प्रश्न मदत झाली का, एवढाच. ताशी 90 किलोमीटरचा चेंडू पिचरपासून होमपर्यंतचे 13.11 मीटर जायला साधारण अर्धा सेकंद घेतो. तेवढ्या वेळात रनरची दोन-तीन पावलंच पडतात. म्हणजे चेंडू निसटलेला दिसण्याआधीच जी सुसाट सुटली होती, तिला त्याची मदत झालेली नाही. तिला स्टील.

आता खरी अडचण. चेंडू सुटल्यावर प्रत्येकच रनर दोन-तीन पावलं पुढे येते, त्यामुळे नुसतं ‘निघाली’ हे स्कोअररच्या कामाचं नाही. पुढचं पाऊल बघा. लीड घेणारी, म्हणजे नुसती थोडी पुढे सरकणारी, तिथे थबकते, खांदे होमकडे वळवते, वजन दोन्ही पायांवर ठेवते. स्टील करणारीचे खांदे सेकंड बेसकडेच राहतात. थबकून, चेंडू निसटलेला पाहून मग पळाली तर डब्ल्यूपी (वाइल्ड पिच) किंवा पीबी (पास्ड बॉल). स्कोअररची नजर चेंडूमागे गेली की हे निसटतं आणि मग अंदाजाने लिहिलं जातं. शालेय सामन्यांच्या शीटवर पास्ड बॉलचा रकाना रिकामा आणि स्टीलचा भरलेला दिसला, तर मला पहिली शंका हीच येते. स्टील करणारी त्याच निसटलेल्या चेंडूवर थर्डलाही पोचली, तर सेकंडपर्यंत एसबी (स्टोलन बेस) आणि थर्डसाठी डब्ल्यूपी किंवा पीबी.

पहिला आक्षेप. होमपासून सेकंड बेस तिरक्यात जवळपास 26 मीटर, आणि चपळ रनरला दोन बेसमधले 18.29 मीटर धावायला तीनेक सेकंद. पिचचा वेळ त्यातूनच वजा होतो. एवढ्या घाईतला थ्रो वाकडा गेला तर तो नेहमीच्या प्रयत्नातली चूक मानत नाहीत. म्हणून चेंडू सेंटर फील्डला गेला तरी रनर सेकंडवरच थांबली, तर फक्त एसबी, एरर नाही. थर्डला गेली तर सेकंडसाठी एसबी आणि पुढच्या बेससाठी ई2 (कॅचरची एरर). एरर त्या जादा बेसची असते, ती स्टील पुसत नाही.

दुसऱ्या आक्षेपात मात्र मी माघार घेणार नाही. थ्रो वेळेत आला, रनर अजून दोन पावलं लांब होती, शॉर्टस्टॉपच्या (सेकंड आणि थर्डमधल्या फील्डरच्या) ग्लोव्हमध्ये चेंडू येऊन पडला आणि सुटला. इथे स्टील लिहिली तर कॅचरच्या चांगल्या थ्रोचा हिशोब तिच्याविरुद्ध लागतो. म्हणून सीएस, कॅचरला असिस्ट (आउट करण्यातल्या मदतीची नोंद), शॉर्टस्टॉपला ई6 (तिची एरर). आउट मोजायचा नाही, पुटआउट कुणालाच नाही. ही रनर नंतर होमला आली तर तो रन अनअर्न्ड (पिचरच्या खात्यावर न लागणारा), कारण चेंडू धरला असता तर ती बेसवर उरलीच नसती. अशा वेळी सीएसची नोंद नसेल तर पिचरचा ईआरए (तिच्या खात्यावर लागणाऱ्या रनची सरासरी) विनाकारण फुगतो. चेंडू नीट पकडला असता तरी ती पोचलीच असती, असं वाटलं तर मात्र सरळ एसबी द्या.

डबल स्टीलबद्दल तुम्ही जाता जाता विचारलंय. फर्स्ट आणि थर्डवरच्या दोघी पळाल्या, सेकंडला एक टॅग होऊन आउट झाली आणि दुसरी होमला आली, तर होमला येणारीला स्टील नाही. रन मोजला जातो, पण तिचं येणं फील्डर्स चॉइसवर (फील्डरनी दुसरीला आउट करायचं निवडलं म्हणून). आणि फर्स्टवरची पळत असताना चौथा बॉल पडला तर तो वॉक, म्हणजे बॅटरला फर्स्ट बेस आपोआप मिळतो आणि फर्स्टवरचीला पुढे सरकावं लागतं. सेकंड तिला हक्काने मिळतो, तिथे स्टीलचा प्रश्नच नाही.

मूळ लेखातलं ‘पिचच्या आधी’ वाक्य काढून त्या जागी ‘चेंडू सुटताक्षणी, न थबकता’ असं केलं आहे. ई6 चं उदाहरण तसंच ठेवलंय.