पुढच्याच प्रकरणात हसू

आज परत एक तसलीच कादंबरी संपवली आणि डोकं फिरलंय. अमेरिकेतलं गवताळ माळरान, मातीच्या ढेकळांचं घर, देवभीरू कुटुंब. तान्हं बाळ तापाने जातं आणि पुढच्याच प्रकरणात आई 'प्रभूची योजना' म्हणत पाव भाजतेय! अरे, रडू तरी द्या तिला.

माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा आईने चर्चची उपासना चुकवली नाही. पण गीत सुरू झालं की उभी राहायची ती ओठ मिटून. 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक उघडं, बोट ओळीवरून सरकतंय, आवाज नाही. एका बाईंनी योजनेचं ऐकवलं, तर म्हणाली, "मग त्यालाच विचारते, तुम्ही या आता." ही श्रद्धा नव्हती का? आपल्या मंडळीतल्यांना तरी हे समजावून सांगायला नको.

आणि खरा इतिहास काय कमी आहे? १८६२ चा होमस्टेड कायदा: १६० एकर सरकारी जमीन मिळेल, पण पाच वर्षं तिथे राहून कसून दाखवा. मग मिनेसोटात १८७३ ते १८७७ टोळधाड. १८७७ च्या २६ एप्रिलला गव्हर्नर पिल्सबरींनी प्रार्थनेचा दिवस पाळायला लावला, आणि त्या उन्हाळ्यात टोळ उडून गेले. कादंबरीवाल्यांना एवढंच हवं. त्याआधी काय लोक प्रार्थना करत नव्हते? शेजारणीचं शेत वाचलं, आपलं गेलं, तर रविवारी तिच्याच बाकावर बसायचं कसं, ते लिहा ना कुणीतरी!

लेखिका लॉरा इंगल्स वाइल्डरच्या घरचं पीकही टोळांनी खाल्लं. तिचा भाऊ १८७६ मध्ये नऊ महिन्यांचा होऊन गेला. स्वतःच्या बालपणावरच्या तिच्या त्या 'लिटल हाउस' पुस्तकमालिकेत तो नाहीच. तिचा मात्र राग येत नाही. आमच्याकडेही भावाचा फोटो कपाटात आतच असतो. काही गोष्टी नाही लिहवत.

मान्य, दमलेल्या बाईला रात्री गोड शेवट हवा असतो. असू दे. आईही पुढे गायला लागलीच. कधी, ते आठवत नाही. प्रकरण बदललं म्हणून नक्कीच नाही.

आणि ती जमीन 'देवाने दिली' लिहिताना हात जरासुद्धा अडखळत नाही यांचा? त्याच १८६२ मध्ये, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, मिनेसोटातच मॅनकेटोला त्या जमिनीच्या मूळ रहिवाशांपैकी, डाकोटा जमातीच्या ३८ पुरुषांना एकाच वेळी फाशी दिलं. त्यांच्या आयांना कुठलं प्रकरण?

महिला मंडळाला सांगून ठेवते, पुढचं पुस्तक मी निवडणार. बायबलमधलं ईयोब. सगळं गमावलेल्या ईयोबाला उपदेश करणाऱ्या त्याच्या मित्रांची भाषणं मोठ्याने मीच वाचेन, बघा कोणाकोणाचे आवाज ओळखीचे वाटतात ते.